खोडलेली ताई

देवळीच्या बसस्टँडसमोर प्रेमदास डेकाटेचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि त्या दुकानात बसून तो दिवसभर लोकांच्या चुका पाहून कडू होत असे. समोरच्या खानावळीच्या पाटीवर 'शुध्द शाकाहारी' असं लिहिलं होतं. रोज सकाळी शटर वर करताना त्याची नजर नेमकी त्या 'ध्द'वर पडे आणि तोंडात आंबूस चव येई. सातबारा, दाखला, लग्नपत्रिका, जे काही काचेवर उलटं पडायचं ते तो आधी वाचून घेई. पत्रिकेत 'आशिर्वाद' ऱ्हस्व दिसला की ते लग्न त्याच्या मनातून उतरलंच. गिऱ्हाईक म्हणे, "भाऊ, कापी काढा ना, वाचून काऊन राह्यले?" तो नाक मुरडून बटण दाबत असे.

त्याची बायको नलू शेजारणीला सांगायची, "यायले माणसं दिसतच नाई. ऱ्हस्वदीर्घ दिसते." ती थट्टेनं म्हणे, पण खरं तेच होतं.

ही खोड लागली वर्ध्याच्या छापखान्यात. नव्वद साली प्रेमदास सदाशिवरावांच्या छापखान्यात प्रूफं तपासायला लागला. सदाशिवराव म्हणजे छापखान्याचे मालक, तोंडानं गोड आणि कागदाला चिकट. तेव्हा शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवून छापत. भैयाजी नावाचे म्हातारे जुळारी एकेक अक्षर वेचून ओळी उभ्या करायचे, कच्चा कागद निघायचा, आणि प्रेमदास त्यावर लाल पेन चालवायचा. भैयाजींना एक वाईट सवय होती. कानावर पडलेलं कधी कधी हातातून खिळ्यांत उतरायचं. एकदा सदाशिवरावांनी आतून "चहा" अशी हाक मारली, तर एका पत्रिकेत वधूच्या नावापुढे 'चहा' जुळला. प्रेमदासनं तो पकडला. सदाशिवरावांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, म्हणाले की याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. त्या दिवसापासून गडी जमिनीवर चालेना. माणसाला एकदा हुशार म्हटलं की तो पुढच्या पन्नास चुका करायला मोकळा होतो, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

पंच्याण्णव साली सदाशिवरावांनी सामान्य ज्ञानाचं एक गाइड काढलं. अशी गाइडं तेव्हा बसस्टँडवर शेंगदाण्यासारखी विकली जात. दोन हजार प्रश्न, दोन हजार उत्तरं, विचार एकही नाही. कोण्या मास्तरानं हाताने लिहून दिलेली वही होती, भैयाजींनी ती जुळवली. त्यात एक प्रश्न होता: वर्धा नदीचा उगम कोठे होतो? उत्तर होतं, मुलताई, जिल्हा बैतूल. पण ओळ संपत आली होती. 'मुल' वरच्या ओळीच्या टोकाला राहिलं आणि 'ताई' खालच्या ओळीत गेली.

प्रेमदासनं ते वाचलं आणि त्याला 'चहा' आठवला. म्हाताऱ्यानं पुन्हा घोळ घातला. ताई! त्यानं लाल पेनानं ताईला गोल केला आणि शेपटी ओढून खोडून टाकलं. राहिलं 'मुल, जिल्हा बैतूल'. आता हा मनुष्य चंद्रपूर जिल्ह्याचे सगळे तालुके झोपेतही म्हणून दाखवायचा. मूल हा चंद्रपूरचा तालुका, तो बैतुलात कसा असेल? त्यानं बैतूल खोडून चंद्रपूर केलं आणि 'मु'ला दीर्घही केलं. एका ओळीत तीन दुरुस्त्या. त्याची छाती फुगली.

भैयाजी चष्मा कपाळावर सरकवून आले. "प्रेमदासजी, कापीत, मास्तरच्या वहीत, ताई हाय. राहू द्या तिले."

"कापी गेली चुलीत," प्रेमदास म्हणाला. "नदीच्या उगमात ताई कुठून आली, भैयाजी? तुमच्या डोक्यात काय चालू राह्यते?"

छापखान्यातले सगळे हसले. भैयाजींनी ताईचे खिळे एकेक उचलून खणात परत टाकले.

वर्धा नदी देवळी तालुक्याच्या शिवेवरून वाहते. इथल्या मंडळींनी तिच्यात पोहून घेतलं, तिच्या काठी डबा पार्टी केली, म्हशी धुतल्या, मेलेल्यांची राख सोडली. ती वरून, उत्तरेकडून येते आणि खाली चंद्रपूरकडे जाते, हे म्हशींनाही कळत असेल. मूल तर खाली, तिकडे लांब. तिथून उगम म्हणजे नदी उलटी चढून आली पाहिजे. पण प्रेमदासला नदी दिसली नाही, तालुक्याचं नाव दिसलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. अशा शहाणपणाची शिसारी यावी, पण तेव्हा ती कोणाला आली नाही. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलं, 'मुद्रितशोधन: प्रेमदास डेकाटे', आणि गाइड बाजारात गेलं.

छापखान्यातून मिळालेल्या तीन प्रती घेऊन प्रेमदास संध्याकाळच्या बसनं देवळीला आला. तिथल्या वाचनालयाच्या पडवीत तिघं जण परीक्षांचा अभ्यास करत. धर्मेंद्र हा व्यापाऱ्याचा मुलगा, बापाच्या कृषी केंद्रात बसायचं टाळण्यासाठी अभ्यास करायचा. गुलाब हा गरीब घरचा, मिळेल ती नोकरी घेणारा. आणि छाया. ती जवळच्या खेड्यातल्या रूपराव नावाच्या शेतकऱ्याची मुलगी, रोज चार किलोमीटर सायकल मारून यायची. प्रेमदासचं स्वतःचं परीक्षेला बसायचं वय निघून गेलं होतं, त्यामुळे तो त्यांचा गुरू होऊन बसला होता. परीक्षेत नापास झालेल्या माणसाला हे एक बरं असतं, त्याला शिकवता येतं.

त्यांचा एक खेळ होता. एकानं प्रश्न घालायचा, ज्याचं उत्तर बरोबर आलं त्याची पुढची बारी, म्हणजे पुढचा प्रश्न त्यानं घालायचा. छाया यात सगळ्यांना पाणी पाजायची. चुकून दुसऱ्या कोणाची बारी आली तर धर्मेंद्र टाळ्या वाजवायचा. गाइड तिला दोन महिन्यांत तोंडपाठ झालं. प्रेमदासला त्याचा कोण अभिमान.

शहाण्णव साली एका भरतीची परीक्षा झाली. रूपरावांनी छायाला आधीच बजावलं होतं, "एक डाव बसजो. लागलं तर लागलं. नाई तं मंग पाहुणे येतीन." छाया बसली. एका मार्कानं गेली. फळ्यावर यादी लागली तेव्हा ती कितीतरी वेळ शेवटच्या नावाकडे पाहत राहिली, आणि प्रेमदास तिला म्हणाला, "एका मार्कानं म्हंजे काय, नशीब." पाहुणे आले. तीन महिन्यांत ती लग्न होऊन नागपूरला गेली. त्या परीक्षेत नदीचा प्रश्न होता. छाया बाहेर आल्याबरोबर हसून म्हणाली होती, "वर्धा नदी आली होती, भाऊ. फुकटचा मार्क." तेव्हा प्रेमदासही हसला होता.

नव्याण्णव साली नलूच्या मामेबहिणीचं लग्न निघालं, तेही मुलताईला. आमला पॅसेंजरमधून उतरलं तर स्टेशनवर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत नाव: मुलताई. सलग. मध्ये कुठे ओळ तुटलेली नाही. प्रेमदास पाटीखाली उभा राहून वाचत राहिला. नलूनं विचारलं, "आता इथं बी चूक सापडली काय?" मांडवात एका म्हाताऱ्याशी बोलणं निघालं. पाहुणे वर्ध्याचे म्हटल्यावर तो खूष झाला. "हमारी तापी यहीं से निकली, और आपकी वर्धा भी इधर के ही डोंगर से. जिला बैतूल का पानी पीते हो आप लोग."

पानात बुंदी होती. प्रेमदासनं एक घास घेतला आणि तो तोंडातच फिरत राहिला. मांडवामागे जाऊन त्यानं थुंकून टाकला. नलूला वाटलं ऊन लागलं.

परत आल्यावर त्यानं सदाशिवरावांना सांगितलं. सदाशिवरावांनी पान लावत ऐकून घेतलं. "पुढच्या आवृत्तीत पाहू." पुढची आवृत्ती निघाली, मुखपृष्ठ बदललं, आत मूलच राहिलं. पानांचा जुळवून बांधलेला फर्मा कोण मोडणार? प्रेमदासनं पुन्हा तोंड उघडलं नाही. छायाला सांगायचं त्याच्या मनात आलं होतं. एक पोस्टकार्ड घेऊनही ठेवलं. मग त्यानं स्वतःची समजूत काढली. तिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली, पोरगं झालं, आता तिला परीक्षेशी काय करायचं? उगाच तिच्या जिवाला घोर. झाकली मूठ झाकलेलीच बरी. पोस्टकार्डावर त्यानं वीजबिलाची तक्रार लिहिली.

माणूस स्वतःच्या भेकडपणाला कसा दुसऱ्याच्या काळजीचा सदरा घालतो, ते पाहिलं की किळस येते. प्रेमदासलाही यायची. पण ती तो बाहेर काढायचा 'शुध्द शाकाहारी'वर.

पुढे खिळ्यांचा छापखाना बंद पडला. भैयाजी वारले. प्रेमदासनं देवळीला झेरॉक्सचं दुकान टाकलं, मग त्यात कॉम्प्युटर आला, स्कॅनर आला, इंटरनेट आलं. धर्मेंद्र शेवटी बापाच्या कृषी केंद्रातच बसला. गुलाब एसटीत कंडक्टर झाला. छाया नागपुरात एका खाजगी दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटची नावं कॉम्प्युटरवर चढवायची. दोन हजार आठ साली ऑर्कुटची साथ आली तेव्हा धर्मेंद्रनं सगळ्यांना शोधून काढलं आणि एक कम्युनिटी उघडली. नाव ठेवलं 'बारी'. नियम जुनेच. एकानं प्रश्न घालायचा, बरोबर उत्तर देणाऱ्यानं पुढचा. नेटवर पाहायचं नाही, डोक्यातलं सांगायचं.

दुपारी दोनला भारनियमन संपून लाइन आली की प्रेमदास कॉम्प्युटर लावायचा. त्याला या खेळाची ओढ होती आणि किळसही होती. सगळे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहीत. धर्मेंद्र 'शिवाजी'ला तीन तऱ्हांनी लिहायचा. प्रत्येक उत्तराखाली हसरं तोंड टाकायचा. स्वतःच्या फोटोच्या जागी त्यानं परक्याच्या मोटारीचा फोटो लावला होता. गुलाब ड्युटीवरून येऊन सायबर कॅफेत बसायचा आणि सगळं मोठ्या अक्षरांत लिहायचा, जणू स्टँडवरून ओरडतो आहे. छायाच्या फोटोच्या जागी जास्वंद होती. ती कमी बोलायची आणि बहुतेक वेळा तीच जिंकायची. बारा वर्षं नावं चढवण्यात गेली, तरी त्या बाईच्या डोक्यातला एक प्रश्न हलला नव्हता. प्रेमदासला ते दिसायचं, आणि कुठेतरी खोल टोचायचं.

मे महिन्यात एका दुपारी गुलाबची बारी होती. त्यानं घातला: वर्धा नदीचा उगम कोठे?

प्रेमदास पाणी पीत होता. तांब्या तसाच हातात राहिला.

धर्मेंद्रचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "मूल, जिल्हा चंद्रपूर. सोपं विचारून राह्यला बे."

त्याखाली छाया. "मूल. मी पेपरात लिहिलं होतं. हा एक मार्क तं माह्या पक्का होता."

गुलाबनं लिहिलं, "दोघायचं बरोबर. धर्मेंद्र पयला. बारी त्याची."

तीन माणसं. जन्म वर्धेच्या काठी. नदी कुठून येते हे कोणाला माहीत नाही, आणि माहीत नसल्याचंही माहीत नाही. प्रेमदासला त्या तिघांची भयंकर घाण वाटली. एकदा मान वर करून नकाशा पाहावा, नाही. पुलावर उभं राहून पाणी कुठून कुठे जातं ते पाहावं, तेही नाही. छापलं आहे ना, मग झालं. मग त्याला आठवलं की हे छापलं कोणी, आणि सगळी घाण उलटून त्याच्याच तोंडावर आली.

त्यानं घाईनं टाइप केलं: चूक आहे, मुलताई. बोट स्पेसबारवर पडलं आणि मध्ये जागा सुटली. पडद्यावर गेलं 'मुल ताई'.

धर्मेंद्र लगेच. "मूल बरोबर हाय ना मंग. ताई कोणाले म्हणून राह्यला? छायाले?" आणि हसरं तोंड.

छायानंही लिहिलं, "मी नाई ब्वा तुमची ताई. तुमी मोठे, भाऊ."

अठरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या माणसाच्या हातून ती चूक पुन्हा तशीच झाली, त्याच जागी तुटली आणि तशीच वाचली गेली. प्रेमदासनं पुन्हा नीट लिहिलं: मुलताई हे एका गावाचं नाव आहे, जिल्हा बैतूल. मूल चूक आहे.

"पुरावा दे," धर्मेंद्र म्हणाला. "आपल्या गाइडात मूल हाय. थांब, मी घेऊनच येतो."

आणि तो खरोखर आला. कृषी केंद्राच्या पोटमाळ्यावरून काढलेलं, उंदरांनी कोपरा कुरतडलेलं गाइड त्यानं प्रेमदासच्या काउंटरवर आपटलं. "पान एकेचाळीस. स्कॅन मार. टाकू ऑर्कुटवर. होऊन जाऊ दे दूध का दूध."

प्रेमदासला नाही म्हणता आलं नाही. त्यानं पान उलटं करून काचेवर ठेवलं, झाकण दाबलं. हिरवट उजेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. पडद्यावर त्याचीच ओळ मोठी होऊन आली. मूल, जिल्हा चंद्रपूर. दीर्घ ऊकार किती ठसठशीत उमटला होता.

धर्मेंद्र तोवर मागची पानं चाळत होता. "अरे, यात तं तुयंच नाव हाय. मुद्रितशोधन प्रेमदास डेकाटे." त्यानं भुवया वर केल्या. "चूक असन तं तुयी हाय मंग."

त्या वेळी दुकानात दुसरं कोणी नव्हतं. एवढं एक वाक्य खरं बोलायचं होतं.

"भैयाजी होते ना एक जुळारी," प्रेमदास म्हणाला. "म्हातारा माणूस. त्यायनं खिळे चुकवले. मी दाखवलं होतं, पण त्यायनं दुरुस्तच केलं नाई."

धर्मेंद्रचं समाधान झालं. त्यानं तिथेच उभं राहून कम्युनिटीवर तसं लिहूनही टाकलं, भैयाजींच्या नावासकट. तो गेल्यावर प्रेमदासनं हात धुतले. बाहेरच्या माठाजवळ जाऊन पुन्हा धुतले. मेलेल्या माणसाच्या अंगावर आपली घाण टाकली होती, आणि तीही त्या माणसाच्या, ज्यानं ताईला वाचवायचा प्रयत्न केला होता. नाचता येईना अंगण वाकडं, हे तरी परवडलं. इथे अंगण सरळ होतं.

तासाभरानं छायाचं उत्तर आलं. ते धर्मेंद्रच्या सगळ्या हसऱ्या तोंडांच्या खाली होतं.

"म्हंजे माह्या मार्क तोच होता," तिनं लिहिलं होतं. "मी बारा वर्षं विचार करून राह्यली, कोणता चुकला असन. सगळे तं बरोबर होते. मले वाटे, माह्यातच काही कमी हाय."

मग थोड्या वेळानं आणखी एक ओळ. "भैयाजी कुठं राह्यते?"

गुलाबनं कळवलं, "वारले ते. तीन वर्सं झाले."

"मंग जाऊ द्या," छायानं लिहिलं. "गरीब माणूस असन. डोळ्यानं दिसत नसन. त्यायले काय बोल लावायचा."

प्रेमदासनं हे वाचलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिला. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. भैयाजींना तिनं एका ओळीत माफ केलं, ओळखत नसताना. आणि त्या माफीवर हात मारून तो मोकळा बसला होता, दुसऱ्याच्या ताटातलं खाल्ल्यासारखा. त्या संध्याकाळी नलूनं भाकर वाढली तेव्हा तो म्हणाला, "जात नाई." तिनं कारण विचारलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं कोणाला तरी सगळं सांगितलं, लाल पेनापासून पोस्टकार्डापर्यंत.

नलूनं ताट उचललं. "मले काऊन सांगता?" ती म्हणाली. "माह्या कोणता मार्क गेलता?"

दुसऱ्या दिवशी दोनला लाइन आली. बारी अजून धर्मेंद्रचीच होती, पण तो खताच्या गिऱ्हाइकीत अडकला होता आणि कम्युनिटी रिकामी होती. प्रेमदासनं न विचारता बारी घेतली. त्याला साध्या वाक्यात सांगता येईना, म्हणून त्यानं प्रश्नच केला. इंग्रजी अक्षरांची त्याला किळस होती, तरी एकेक अक्षर तपासत त्यानं लिहिलं:

"मुलताईतली ताई कोणी खोडली? भैयाजींनी बरोबर जुळवलं होतं. राहू द्या म्हणाले होते. त्यांना सगळ्यांसमोर हसून गप्प कोणी बसवलं? बैतूलचं चंद्रपूर कोणी केलं?"

त्यानं पाठवलं. एक बाई सातबाऱ्याच्या चार प्रती घेऊन गेली. त्यानं एक ओळही वाचली नाही.

गुलाबचं उत्तर आधी आलं. "मले नाई समजला प्रश्न. हिंट द्या." गुलाब स्वभावानं साधा होता.

मग छाया. एकच शब्द. "तुमी."

"बरोबर," प्रेमदासनं लिहिलं. "माझं चुकलं, छाया. तुझा मार्क मी खाल्ला. काल खोटं बोललो तेही मीच."

आता ती काय बोलेल याची तो वाट पाहत होता. तिनं शिव्या द्याव्यात, कम्युनिटी सोडून जावं, रडावं, काहीही. खरं सांगायचं तर त्याला थोडं हलकं वाटायला लागलं होतं. चूक कबूल केली की माणसाला लगेच आपण चांगले आहोत असं वाटायला लागतं, आणि यासारखी ओंगळ गोष्ट दुसरी नाही. आतल्या आत तो माफीची वाटही पाहायला लागला होता. भैयाजींना दिली, आपल्यालाही देईल. खिळ्यांच्या गर्दीत झालेली चूक, काही मुद्दाम तर केली नव्हती.

छायानं लिहिलं, "उत्तर बरोबर हाय म्हंजे बारी माही."

"हो," त्यानं लिहिलं.

"मंग सांगा, भाऊ. चूक हाय हे तुमाले कवा समजलं?"

उत्तर अगदी तयार होतं. 'आत्ताच, गुलाबनं विचारलं तेव्हा पाहिलं.' त्यानं टाइपही केलं. कोणाला कळणार होतं? सदाशिवराव पान खाऊन विसरले असतील, मुलताईचा म्हातारा असला तर असेल, नलू बोलणार नाही. ते वाक्य पडद्यावर किती शुद्ध दिसत होतं, एका अक्षराची चूक नाही. त्याच्याकडे पाहता पाहता प्रेमदासला त्या शुद्धपणाचीच किळस आली. त्यानं एकेक अक्षर खोडलं आणि चार आकडे लिहिले: १९९९.

बाहेर पुलगावची बस लागली, माणसं चढली, बस गेली. गुलाबनं 'नव्याण्णव?' एवढंच विचारलं.

मग जास्वंदीच्या फुलाशेजारी छायाच्या ओळी उमटल्या.

"मले वाटलं होतं कालच समजलं असन," तिनं लिहिलं होतं. "दोन हजारात मी परत बसली होती, भाऊ. वयात बसायचा तो शेवटचा डाव होता. सासरी कोणाले सांगतलं नाई, लेकराले शेजारी ठेवून गेलती. अभ्यासाले तुमचंच गाइड होतं. तोच प्रश्न परत आला होता. मी हसली, आन् मूल लिहिलं."